गांजा आणि मूल होणं: बिघाड नेमका कुठे होतो?

१८९३ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या गांजा, भांग आणि चरस यांची चौकशी करायला एक आयोग नेमला. इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन हे त्याचं नाव. आयोगाने इलाख्या-इलाख्यांतून हजाराहून जास्त साक्षी घेतल्या, मुंबई इलाखाही त्यात आला. सरकारी डॉक्टर, महसुली अधिकारी, वैद्य-हकीम, मिशनरी, सगळ्यांपुढे एकच छापील प्रश्नावली. तिच्यात हेही विचारलं होतं की लोक हे कामोत्तेजक म्हणून घेतात का, आणि याने नपुंसकत्व येतं का. साक्षी दोन्हीकडून पडल्या. कोणी म्हणालं, याने वासना चाळवते. कोणी म्हणालं, बैरागी तर वासना मारायलाच चिलीम ओढतात.

कॉलेजच्या कट्ट्यावर हा वाद आजही साधारण तिथेच अडकलाय. "नॅचरल आहे रे, झाडपाला आहे, दारूसारखं नाही," असं एक जण म्हणतो. दुसरा हिमालयातल्या साधूंचा दाखला देतो, जन्मभर चिलीम ओढून ठणठणीत असतात म्हणून. असतीलही. पण ज्यांनी संसारच मांडला नाही, त्यांचा दाखला मुलं होण्याच्या बाबतीत काय कामाचा?

आपल्याकडे नपुंसकत्व आणि वंध्यत्व यांची कायम गल्लत होते. शरीरसंबंध अगदी व्यवस्थित जमत असताना वीर्यात शुक्राणूंची संख्या घसरलेली असू शकते, आणि बाहेरून त्याची काही चाहूल लागत नाही. गांजाची कुरापत बहुतेक अशाच, न दिसणाऱ्या जागी चालते. मूल होण्यासाठी शरीराला काही गोष्टी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने कराव्या लागतात. त्या वेळा गांजामुळे चुकतात. पुरुष असो की बाई, संशोधनातून पुन्हा पुन्हा हेच पुढे येतं, आणि ते नीट कळायचं तर आधी शरीरातली एक यंत्रणा समजून घ्यावी लागते.

शरीर स्वतःही असं काही बनवतं

१९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी हशीशमधून टीएचसी हे रसायन शुद्ध रूपात वेगळं काढलं. गांजा चढतो तो याच्यामुळे. पण ते शरीरात नेमकं कुठे जाऊन बसतं, हे कळायला १९८८ उजाडलं. पेशींवर त्याच्यासाठी एक ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे रसायन येऊन बसण्याची जागा) सापडला, त्याला सीबी-१ म्हणतात. आता एका झाडातल्या रसायनासाठी माणसाच्या पेशीवर जागा राखून ठेवलेली कशी? उत्तर १९९२ मध्ये मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत मिळालं. जागा झाडासाठी नव्हतीच. शरीर स्वतः एक द्रव्य तयार करतं, आनंदामाइड, आणि ही जागा त्याची आहे. टीएचसी तिथे घुसखोर.

हे ग्राहक मेंदूत असतात हे अपेक्षितच होतं. पण पुढच्या काही वर्षांत ते वृषणात सापडले, खुद्द शुक्राणूवर सापडले, बीजकोशात, गर्भनलिकेत, गर्भाशयात, वारेत (प्लॅसेंटात), अगदी चार दिवसांच्या गर्भावरही सापडले. म्हणजे गर्भ राहण्याच्या सगळ्या वाटेवर ही निरोपांची यंत्रणा पसरलेली आहे.

आनंदामाइडचं काम अगदी थोड्या वेळाचं. शरीर ते गरजेपुरतं बनवतं आणि फाह नावाचं एक विकर (एन्झाइम) काही मिनिटांत ते मोडून टाकतं. एकदा बेल वाजवून पत्र टाकून पुढे जाणारा पोस्टमन म्हणा. टीएचसी मात्र बेलवर बोट दाबून उभा राहतो. फाह त्याचं काही करू शकत नाही. शिवाय तो चरबीत विरघळतो, तिथे साठतो आणि हळूहळू रक्तात परत उतरत राहतो. म्हणून रोज ओढणाऱ्याने सोडल्यावरही लघवीच्या तपासणीत त्याच्या खुणा कित्येक आठवडे सापडतात. नशा दोन-चार तासांत उतरली म्हणजे माल शरीराबाहेर गेला असं होत नाही.

शुक्राणूंचा हिशोब

वीर्यतपासणीचा रिपोर्ट हातात आला की बहुतेकांचा जीव एका ओळीने जातो. 'नॉर्मल आकाराचे शुक्राणू: ५ टक्के.' म्हणजे पंच्याण्णव टक्के खराब? घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांत ही खालची मर्यादाच ४ टक्के आहे. निसर्ग इथे उधळपट्टीनेच काम करतो. बाकीचे आकडे असे: एका वेळचं वीर्य किमान १.४ मिली, दर मिलीत १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ३ कोटी ९० लाख, आणि त्यांतले किमान ३० टक्के पुढे पोहणारे. ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस गेले अशा पुरुषांच्या तपासण्यांवरून ही मर्यादा ठरवली आहे. त्या पुरुषांतले ९५ टक्के हिच्या वर होते. त्यामुळे रिपोर्टमधला एखादा आकडा थोडा खाली आला म्हणजे सगळं संपलं असं नाही, आणि सगळे आकडे वर आहेत म्हणजे हमी मिळाली असंही नाही. नमुना द्यायच्या आधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे असतात आणि एकाच रिपोर्टवर निदान करायचं नसतं, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धी धास्ती कमी होईल.

आता यातले कोणते आकडे गांजाने हलतात?

डेन्मार्कमध्ये तरुणांना सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीला बोलावतात. २००८ ते २०१२ या काळात तिथे आलेल्या १२१५ तरुणांनी आपलं वीर्य तपासायला दिलं आणि गेल्या तीन महिन्यांत काय काय घेतलं तेही सांगितलं. आठवड्यातून एकाहून जास्त वेळा गांजा ओढणाऱ्यांमध्ये शुक्राणूंची घनता २८ टक्क्यांनी आणि एकूण संख्या २९ टक्क्यांनी कमी भरली. गांजाच्या जोडीला दुसरे अमली पदार्थही घेणाऱ्यांत ही घट ५० टक्क्यांच्या वर गेली. ही सगळी विशी-पंचविशीतली, वंध्यत्वाची तक्रार नसलेली मुलं, म्हणून या अभ्यासाला वजन आहे.

पण २०१९ मध्ये बॉस्टनहून नेमकी उलटी बातमी आली. तिथल्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात आलेल्या ६६२ पुरुषांमध्ये, आयुष्यात कधी ना कधी गांजा ओढलेल्यांची शुक्राणूघनता न ओढलेल्यांपेक्षा जास्त निघाली. दर मिलीत ६ कोटी २७ लाख विरुद्ध ४ कोटी ५४ लाख. 'गांजाने शुक्राणू वाढतात' असे मथळे जगभर झळकले आणि व्हॉट्सअॅपवर आपल्याकडेही पोचले. मथळ्याखालचा मजकूर किती जणांनी वाचला कोण जाणे. त्यातल्या बहुतेकांनी गांजा केव्हाच सोडला होता. 'कधी तरी ओढला होता' आणि 'रोज ओढतो' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खुद्द संशोधकांनीच एक शक्यता मांडली होती की ज्यांचं टेस्टोस्टेरॉन मुळात जास्त असतं ते तरुणपणी असले उद्योगही जास्त करत असतील. मग गांजामुळे शुक्राणू वाढले की शुक्राणूवाल्यांनीच गांजा ओढला? अशा अभ्यासातून ते ठरत नाही.

टेस्टोस्टेरॉनचंही असंच. १९७४ साली एका अभ्यासाने सांगितलं की नियमित ओढणाऱ्यांत ते घटतं. त्याच वर्षी, त्याच वैद्यकीय नियतकालिकात दुसऱ्या चमूने लिहिलं की काही फरक पडत नाही. डेन्मार्कच्या तरुणांत तर गांजा ओढणाऱ्यांचं टेस्टोस्टेरॉन थोडं जास्तच होतं. त्यामुळे गांजाने पुरुषी संप्रेरक संपतं, असं छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे दुर्लक्ष केलेलं बरं. पुरुषांची छाती बाईसारखी वाढते ही भीतीही सत्तरच्या दशकातल्या मोजक्या रुग्णांवरून पसरली, पुढे तिला भक्कम आधार मिळाला नाही.

माझ्या मते या सगळ्यात सर्वांत बोलकं काम न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो विद्यापीठातलं आहे. लानी बर्कमन यांनी २००३ मध्ये नियमित गांजा ओढणाऱ्यांचे शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली पोहताना पाहिले. शुक्राणूला दोन गती असतात. आधी संथ, लांबचा पल्ला गाठणारी. मग स्त्रीबीजाजवळ पोचल्यावर शेपटीचे जोरदार फटके मारत घुसणारी. गांजा ओढणाऱ्यांचे शुक्राणू सुरुवातीलाच दुसऱ्या गतीने सुटत होते. वाट बाकी, आणि दम आधीच खर्च. पुढे बीजाच्या कवचातून आत शिरायला शुक्राणूच्या टोकावरची पिशवी योग्य क्षणी फुटावी लागते. प्रयोगशाळेत टीएचसी घातल्यावर ही क्रियाही मंदावलेली दिसते. अशा वेळी रिपोर्टवरचा आकडा ठीक असूनही काम होत नाही, कारण साध्या तपासणीत यातलं काही मोजलं जात नाही.

माणसांवर असले प्रयोग करता येत नाहीत, म्हणून ओरेगॉनमधल्या आरोग्य विद्यापीठाने ते ऱ्हीसस माकडांवर केले. नरांना काही महिने खाण्यातून टीएचसी दिला, मात्रा हळूहळू वाढवत नेली. वृषणांचा आकार निम्म्याहून जास्त घटला, टेस्टोस्टेरॉनही उतरलं. मग टीएचसी बंद केला. चारेक महिन्यांत बराच बिघाड भरून आला, पण पूर्ण नाही.

इथे पुरुषांसाठी दिलासा आहे. वृषणात शुक्राणू सतत नव्याने तयार होतात. एक शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात, मग बाहेरच्या नळीत पिकायला आणखी दोनेक आठवडे. म्हणून आज सोडलं तर साधारण तीन महिन्यांनी येणारा माल स्वच्छ कारखान्यातला असतो. मूल हवं असेल तर तीन महिने आधी बंद करा, हा डॉक्टरांचा सल्ला यावरून आलाय. आमच्याकडे लोक रिपोर्ट वाईट आला की आठवडाभर सोडतात, पुन्हा तपासतात आणि "काही फरक नाही" म्हणून परत सुरू करतात. आठवड्यात फरक दिसणारच नाही.

शुक्राणूतल्या डीएनएवर काही रासायनिक खुणा असतात, कोणतं जनुक चालू ठेवायचं आणि कोणतं बंद हे त्यांवर ठरतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २०१८ मध्ये दाखवलं की गांजा ओढणाऱ्यांच्या शुक्राणूंत या खुणा बदललेल्या असतात. त्याच चमूने नंतर ७७ दिवस गांजा बंद ठेवलेल्या पुरुषांचे शुक्राणू पाहिले, तेव्हा बदल बरेच कमी झालेले आढळले. पुन्हा तेच अडीच-तीन महिने.

दीर्घकाळ गांजा ओढणाऱ्यांत वृषणाच्या एका प्रकारच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त असल्याचंही काही अभ्यासांत दिसलंय. हा कर्करोग मुळात विरळा आणि लवकर सापडला तर बहुधा बरा होणारा. वृषणात न दुखणारी गाठ लागली तर लाज बाजूला ठेवून दाखवावं.

आणखी एक. पाश्चात्त्य अभ्यासांतले आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू करताना हे विसरू नये की आपल्याकडे गांजा सहसा नुसता ओढत नाहीत. सिगारेट मोकळी करून तंबाखूत मळून भरतात, चिलमीतही तंबाखू असतेच. तंबाखूने शुक्राणूंची संख्या आणि चाल दोन्ही बिघडते, हे तर केव्हाच सिद्ध झालंय. त्यामुळे "मी सिगारेट ओढत नाही, फक्त जॉइंट" या वाक्याला फारसा अर्थ नाही.

बाईच्या शरीरात वेळेला किंमत जास्त

पुरुषाचे शुक्राणू रोज नवे बनतात. बाई जन्मताच सगळी बीजं घेऊन येते आणि महिन्याला त्यांतलं एक पिकून बाहेर पडतं. ते बाहेर पडण्याचा इशारा एलएच या संप्रेरकाच्या अचानक उसळीने मिळतो. १९८६ च्या एका प्रयोगात पाळीच्या दुसऱ्या टप्प्यात असलेल्या स्त्रियांना गांजाची एकच सिगारेट दिली, तर एलएच ३० टक्क्यांच्या आसपास खाली आलं. रोज घेणाऱ्यांचं शरीर बहुधा थोडंफार सरावतं. तरी ओरेगॉनच्या माकडांच्या माद्यांमध्ये टीएचसीची मात्रा वाढत गेली तशी पाळीचं चक्र लांबत गेलं.

टोरांटोमधल्या एका अभ्यासाने २०२५ मध्ये आणखी जवळून पाहिलं. आयव्हीएफसाठी (टेस्ट-ट्यूब बेबीच्या उपचारासाठी) बीज काढताना त्याच्याभोवतीचा द्रवही बाहेर येतो. ज्या स्त्रियांच्या या द्रवात टीएचसी सापडला, त्यांची बीजं परिपक्व होण्याचं प्रमाण जास्त होतं. ऐकायला चांगलं वाटतं. पण त्यांच्यापासून बनलेल्या गर्भांत गुणसूत्रांची संख्या बरोबर असलेले कमी निघाले. गुणसूत्रांचा हिशोब चुकलेला गर्भ बहुतेकदा रुजत नाही, रुजला तर पडतो.

त्यानंतरचा आठवडा मला सगळ्यात नाजूक वाटतो. बीज आणि शुक्राणूचं मीलन गर्भनलिकेत होतं. तिथून तो चिमुकला गोळा तीन-चार दिवस नलिकेतून गर्भाशयाकडे सरकतो. त्याला स्वतःला चालता येत नाही. नलिकेचे स्नायू आकुंचन पावतात, सैल पडतात, त्या लाटेवर तो पुढे जातो. मूळचे भारतीय असलेले शास्त्रज्ञ सुधांशु डे यांनी अमेरिकेत उंदरांवर काम करून दाखवलं की या लाटांची लय सीबी-१ च्या हातात असते. ज्या उंदरांत हा ग्राहकच नव्हता, त्यांचे गर्भ नलिकेत अडकून पडले. आणि ज्या धडधाकट उंदरांना आनंदामाइडसारखं द्रव्य जास्त दिलं, त्यांचेही अडकले. निरोप पोचला नाही तरी खोळंबा आणि सारखा येत राहिला तरी खोळंबा. माणसात गर्भ नलिकेतच अडकून वाढू लागला तर जिवावर बेततं. ज्यांच्या बाबतीत असं झालं त्या स्त्रियांच्या नलिकांमध्ये सीबी-१ कमी असल्याचंही नोंदलं गेलंय.

गर्भ वेळेवर पोचला तरी पुढे अस्तरात रुजायचं असतं. अस्तर गर्भाला घ्यायला तयार असतं ते जेमतेम काही दिवस, आणि त्या दिवसांत रुजण्याच्या जागी आनंदामाइडची पातळी खाली यावी लागते. ती खाली आणण्याचं काम फाहचं. इटलीतल्या संशोधकांनी २००० साली दाखवलं की ज्या स्त्रियांच्या रक्तपेशींत हे विकर कमी होतं, त्यांच्यात सुरुवातीच्या आठवड्यांतले गर्भपात जास्त होते. ही गोष्ट गांजा न ओढणाऱ्यांचीसुद्धा आहे. शरीराचं स्वतःचं द्रव्य वेळेवर हटलं नाही तरी एवढा फरक पडतो, तर न हटणारा टीएचसी तिथे असेल तेव्हा काय होईल याचा अंदाज करायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही.

प्रत्यक्ष जोडप्यांत काय दिसतं? अमेरिकेत एक-दोन गर्भपात होऊन गेलेल्या आणि पुन्हा प्रयत्न करणाऱ्या स्त्रियांच्या एका अभ्यासात, गांजा घेणाऱ्यांना दर महिन्याला दिवस जाण्याची शक्यता ४१ टक्क्यांनी कमी निघाली. गांजा घेणाऱ्या त्यात फार थोड्या होत्या, हेही सांगायला हवं. बॉस्टन विद्यापीठाच्या, चार हजारांहून जास्त स्त्रियांच्या दुसऱ्या अभ्यासात असा फरक दिसला नाही. म्हणजे गांजा ओढणाऱ्यांना मुलं होतच नाहीत असं मुळीच नाही, आणि हा कुटुंबनियोजनाचा उपाय तर नाहीच. पण ज्यांचा गर्भ आधीच टिकत नाहीये, ज्यांचं वय पस्तिशीकडे झुकलंय, जे आयव्हीएफच्या एकेका खेपेला लाख-दीड लाख मोजतायत, त्यांनी ही जोखीम कशासाठी घ्यायची?

दिवस गेल्यावर

आतापर्यंतच्या भागात 'असंही दिसलं, तसंही दिसलं' असं बरंच होतं. गर्भारपणाच्या बाबतीत पुरावा जास्त ठाम आहे.

टीएचसी वारेतून बाळापर्यंत पोचतो. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात ६ लाख ६१ हजारांहून जास्त गर्भारपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गांजा घेतल्याचं सांगणाऱ्या स्त्रियांत दिवस पूर्ण होण्याआधी बाळंतपण होण्याचं प्रमाण १२ टक्के होतं, बाकीच्यांत ६.१ टक्के. पण गांजा घेणाऱ्यांत सिगारेट, दारू आणि गरिबीही जास्त असते. म्हणून संशोधकांनी या बाबतीत सारख्या असलेल्या स्त्रियांच्या जोड्या लावून पुन्हा मोजलं. फरक कमी झाला, पण गेला नाही: १०.२ टक्के विरुद्ध ७.२. बाळाचं वजन कमी भरतं, हे तर अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ च्या मोठ्या आढाव्यात भरपूर पुराव्यांनिशी मान्य केलंय. आपल्याकडे कमी वजनाची बाळं आधीच कमी नाहीत.

मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) येते का, हा प्रश्न आयांच्या मनाला फार लागतो. त्याच ऑन्टारिओच्या नोंदींत तसा संबंध दिसला होता. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोठ्या अभ्यासात तो दिसला नाही. दिवस गेल्याचं कळायच्या आधी एखाद्या पार्टीत कोणी ओढलं असेल आणि आता ती रात्र रात्र जागत असेल, तर तिला एवढंच सांगेन: आता थांब आणि डॉक्टरला सांग. त्या एका रात्रीवरून बाळाचं भविष्य ठरलं असं कोणताही अभ्यास म्हणत नाही.

उलट्यांवर गांजा घ्यावा, हा सल्ला परदेशात सर्रास मिळतो. कोलोरॅडोत गांजा कायदेशीर झाल्यावर संशोधकांनी तिथल्या ४०० दुकानांना फोन लावला. फोनवरची बाई सांगायची, आठ आठवड्यांची गरोदर आहे, सकाळी फार मळमळतं. ६९ टक्के दुकानांनी तिला माल सुचवला. बहुतेकांचा आधार काय, तर स्वतःचं मत. औषधाच्या दुकानात असं झालं असतं तर परवाना गेला असता. वर एक विरोधाभास असा की रोज जास्त गांजा घेणाऱ्या काही जणांना गांजामुळेच न थांबणाऱ्या उलट्या सुरू होतात. कढत पाण्याने अंघोळ केल्यावरच त्यांना थोडं बरं वाटतं. गरोदरपणात हे आणि नेहमीच्या उलट्या यांत गल्लत होते, आणि बाई उतारा म्हणून आणखी ओढते.

टोरांटोत २०१९ पासून आणि न्यू जर्सीत २०२२ पासून गांजा दुकानात मिळतो. तिथे मराठी घरं भरपूर. गोड गोळ्यांच्या, चॉकलेटच्या रूपात मिळतो म्हणून तो सौम्य वाटतो. पण खाल्लेला टीएचसी यकृतात जाऊन त्याचं आणखी जोरदार रूप तयार होतं, चढायला तास-दोन तास लागतात, आणि तोवर माणूस "काहीच होत नाहीये" म्हणून दुसरी गोळी खातो.

भांगेचं गणित हेच. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे, आणि चरस म्हणजे राळ. नुसती पानं त्या व्याख्येबाहेर ठेवली, म्हणून भांग राज्यांच्या नियमांवर राहिली. कायद्याने केलेला हा भेद वारेला कळत नाही. महाशिवरात्रीला किंवा होळीला थंडाईचा ग्लास पुढे आला आणि "प्रसाद आहे गं, घोटभर घे" असा आग्रह झाला, तर गरोदर बाईने आणि गर्भ राहावा म्हणून प्रयत्न करणारीने सरळ नाही म्हणावं. सासूबाईंना वाईट वाटलं तर वाटू दे.

'नशा नसलेलं' म्हणून विकलं जाणारं सीबीडी (गांजाच्याच झाडातलं दुसरं रसायन) तेल किंवा आयुर्वेदिक परवान्यावरची विजयाची (म्हणजे भांगेची) औषधं झोपेसाठी, पाळीच्या दुखण्यासाठी आता ऑनलाइन मिळतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी सीबीडीही घेऊ नये असा इशारा दिला.

बाळंतपणानंतरही संयम सुटायला नको, कारण आईच्या दुधात चरबी असते आणि टीएचसीला चरबी आवडते. एका अभ्यासात शेवटच्या वापरानंतर सहा दिवसांपर्यंत तो दुधात सापडला. नंतरच्या अभ्यासात, गांजा सोडलेल्या आयांच्या दुधातही तो सहा आठवड्यांपर्यंत सापडत राहिला. दारूसारखं 'थोडा वेळ थांबून पाजते' इथे चालत नाही.

डॉक्टरला काय सांगायचं

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले भारतीय ३ कोटींच्या वर होते. तरी दिवस जात नाहीत म्हणून जोडपं दवाखान्यात आलं की सोनोग्राफी, रक्त, नळ्यांची तपासणी, सगळं आधी सुनेचं. वंध्यत्वात साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाचाही वाटा असतो. त्याची तपासणी स्वस्त, बिनदुखीची, आणि तरी शेवटी होते. झाली तरी गांजाचं कोणी विचारत नाही, आणि बायको-आई शेजारी बसलेली असताना तोही सांगत नाही.

डॉक्टरशी पाच मिनिटं एकट्याने बोलायला मागा. काय घेता, आठवड्यातून किती वेळा, ओढता की खाता, तंबाखू मिसळता का, आणि शेवटचा कधी घेतला, एवढं पुरे. जुन्या गांजात टीएचसी कमी असायचा. अमेरिकेत जप्त केलेल्या मालात १९९५ मध्ये तो सुमारे ४ टक्के होता, आता १५ टक्क्यांच्या आसपास गेलाय. थायलंडहून येणारा आणि मुंबई विमानतळावर वरचेवर पकडला जाणारा 'हायड्रो' (मातीविना, पाण्यावर वाढवलेला गांजा) याच जातीचा जालीम माल. तुम्ही घेत असलात तर तेही सांगा.

पोलिसांची भीती वाटत असेल तर हे माहीत असू द्या: एनडीपीएस कायद्याखाली गांजा ओढणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण त्याच कायद्याच्या ६४-ए कलमात, स्वतःहून उपचारासाठी पुढे येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण दिलेलं आहे. रोजची सवय एकदम सोडली की पहिला आठवडा कठीण जातो. झोप उडते, चिडचिड होते, भूक मरते, घाम फुटतो. दोनेक आठवड्यांत हे ओसरतं. जमत नसेल तर व्यसनमुक्तीची सरकारी मोफत हेल्पलाइन १४४४६ वर आहे. नवरा-बायको दोघंही घेत असतील तर एकाच तारखेला सोडा आणि तिथून तीन महिने मोजा. वीर्याची पुढची तपासणी त्यानंतरची घ्या.